त्सो मोरीरीचे एक्लोजाइट: तामड्याच्या आत उतरण, बाहेर चढण

तामडा (धागाकर्ती)

लडाखच्या प्रवासवर्णनांत त्सो मोरीरीचं निळं पाणी हमखास येतं. त्याच्या उत्तरेकडच्या करड्या-तपकिरी डोंगरांबद्दल मात्र कुणी फारसं बोलत नाही. पुगा खोऱ्याच्या दोन्ही अंगांना आणि तिथून पोलोकोंगका ला खिंडीकडे जाताना जो खडक दिसतो, तो भारतीय भूखंडाच्या उत्तरेकडच्या कडेचा तुकडा आहे. ही कड आशियाखाली शिरली, निदान ९० किलोमीटर खोल गेली आणि परत वर आली. आज ती समुद्रसपाटीपासून साडेचार हजार मीटरच्या वर आहे. एवढ्या मोठ्या प्रवासाचा पुरावा मिलिमीटरभर जागेत मावतो. तो वाचायचा कसा, यासाठी हा धागा.

आधी खडकाची ओळख करून घेऊ. इथला बहुतेक भाग 'पुगा नाइस' नावाचा पट्टेदार खडक आहे: गारगोटी, फेल्डस्पार आणि अभ्रक. मूळचा तो ग्रॅनाइट, सुमारे ४८ कोटी वर्षांपूर्वीचा. या नाइसमध्ये मधूनमधून काळपट हिरवे, हातात घेतल्यावर जड लागणारे, दोन्ही टोकांना निमुळते तुकडे अडकलेले असतात. काही हातभर, काही कित्येक मीटर लांब. हे मूळचे बेसाल्टच्या जातीचे. भोवतालचा ग्रॅनाइट ताणला गेला तेव्हा तो मऊ म्हणून वाहिला, हे थर ताठ म्हणून तुटले. अशा तुटलेल्या तुकड्यांना बुदीन म्हणतात. म्हणजे खडकाचा नुसता आकार पाहूनच पहिली गोष्ट कळते: दोघांवर एकच ताण आला, पण दोघांनी तो वेगवेगळ्या तऱ्हेने सोसला.

मोठ्या बुदीनच्या गाभ्यात ताजा खडक मिळतो. लालसर तामडा (गार्नेट) आणि गवती हिरवा ऑम्फेसाइट (पायरॉक्सीन गटातलं खनिज) यांची घट्ट वीण. हाच एक्लोजाइट. सह्याद्रीचा आपला काळा पाषाण घेऊन साठ-सत्तर किलोमीटर खाली नेला तर त्याचंही हेच होईल, कारण रासायनिक घटक जवळजवळ तेच आहेत. त्या दाबाला बेसाल्टमधला प्लेजिओक्लेज फेल्डस्पार टिकत नाही. त्यातलं सोडियम पायरॉक्सीनमध्ये जातं आणि ऑम्फेसाइट बनतो. कॅल्शियम आणि ॲल्युमिनियमचा मोठा वाटा तामड्यात जातो. खडकाची घनता पाण्याच्या तिप्पट होती, ती साडेतीन पटीच्या घरात पोचते. दख्खनचा लाव्हा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी वाहिला. त्यानंतर दोनेक कोटी वर्षांच्या आतच, त्याच भूपट्टाच्या उत्तर टोकाला हे सगळं घडत होतं. मला ही जोडी फार विलक्षण वाटते.

आता खोलीचा पुरावा. २००१ मध्ये डेहराडूनच्या वाडिया हिमालय भूविज्ञान संस्थेच्या बरुण मुखर्जी आणि हिमांशु सचान यांनी इथल्या एक्लोजाइटमधल्या तामड्यात कोएसाइट सापडल्याचं 'करंट सायन्स'मध्ये प्रसिद्ध केलं. कोएसाइट म्हणजे गारगोटीचाच सिलिका, पण जास्त दाट रचलेला. १९५३ मध्ये लोरिंग कोएस यांनी तो प्रयोगशाळेत बनवला, १९६० मध्ये ॲरिझोनाच्या उल्काविवरात तो निसर्गात सापडला. भूखंडाच्या खडकात, उल्केशिवाय, तो मिळू शकतो हे १९८४ मध्ये कळलं: पश्चिम आल्प्समधल्या डोरा मैरात क्रिस्तियाँ शोपँ यांना आणि नॉर्वेत डेव्हिड स्मिथ यांना. ६०० ते ७०० अंश तापमानाला कोएसाइट व्हायला सुमारे २.७ गिगापास्कल दाब लागतो, म्हणजे आपल्यावरच्या हवेच्या दाबाच्या सुमारे २७ हजार पट. एका गिगापास्कलला ढोबळमानाने ३३ ते ३५ किलोमीटर खडक धरा. तेव्हा नव्वदच्या खाली गेल्याशिवाय हे जमत नाही.

मग तो वर येताना परत गारगोटी का झाला नाही? बहुतेक झालाच. जो वाचला तो तामड्याने वाचवला. पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला की हे फार स्पष्ट दिसतं. लालसर तामड्याच्या पोटात एक बारीक कण असतो. मधोमध कोएसाइट, उठून दिसणाऱ्या कडांचा. त्याला चिकटून चारी बाजूंनी गारगोटीचे बारीक उभे स्फटिक, सगळे आतल्या कणाकडे रोखलेले. आणि त्यांच्या भोवती तामड्यात सर्व दिशांना फुटलेल्या भेगा. कोएसाइटची घनता २.९२, गारगोटीची २.६५. रूपांतर झालं की आकारमान दहा टक्के वाढतं. बाहेरचा दाब उतरत गेला तसं आतलं वाढतं आकारमान कुठे जाणार? तामडा ताठ, त्याने जमेल तितका वेळ आतला दाब धरून ठेवला आणि शेवटी तो तडकला. ज्या कणांत भेगा बाहेरपर्यंत पोचून पाणी आत शिरलं, तिथे फक्त गारगोटी उरली. भेगांची नक्षी तेवढी साक्षीला.

तामडा एका दमात वाढत नाही, आणि खरी गंमत तिथेच आहे. त्याच्या गाभ्यात मँगनीज जास्त, कडेकडे कमी, कारण मँगनीज तामड्याला फार प्रिय. सुरुवातीलाच तो आसपासचा साठा ओढून घेतो. कडेकडे जाताना लोहाच्या मानाने मॅग्नेशियम वाढत जातं, ते वाढत्या तापमानाचं लक्षण. गाभ्यात अडकलेली खनिजं पाणी धरणारी असतात, एपिडोट, अँफिबोल यांसारखी. बाहेरच्या भागात ऑम्फेसाइट, रुटाइल, आणि नशीब असेल तर कोएसाइट. म्हणजे गाभ्याकडून कडेकडे वाचत गेलं की खडक खाली उतरतानाच्या पायऱ्या ओळीने मिळतात. तापमान ८००च्या वर गेलं असतं आणि तिथेच मुक्काम पडला असता तर हे सगळे फरक विसरून एकसारखे झाले असते. इथे तसं झालं नाही, कारण खडक थंड असतानाच झपाट्याने खाली गेला. त्या काळात भारत वर्षाला दहा सेंटिमीटरच्या आसपास वेगाने उत्तरेकडे सरकत होता. दहा लाख वर्षांत शंभर किलोमीटर! वरचा थंडपणा जायला उसंतच मिळाली नाही. एरवी भूकवचात दर किलोमीटरला पंचवीस-तीस अंश वाढतात. इथे हिशोब सहा-सात अंशांचा लागतो.

तामड्याच्या बाहेर मात्र वेगळंच लिहिलेलं आहे. बुदीनच्या कडांना एक्लोजाइट उरलेलाच नाही, तिथे काळं हॉर्नब्लेंड (अँफिबोल गटातलं खनिज) आणि प्लेजिओक्लेज, म्हणजे अँफिबोलाइट. आतल्या ऑम्फेसाइटच्या कडांवरही डायोप्साइड आणि प्लेजिओक्लेज यांची बोटांत बोटं गुंतल्यासारखी बारीक वीण उगवलेली. भोवतालच्या नाइसमधले मुख्य पट्टे, अभ्रकाच्या ओळी, तामड्याला वळसा घालून जाणारं पत्रण (खनिजं समांतर लागून झालेली पानांसारखी रचना): हे बहुतांश वर येतानाचं काम आहे. म्हणूनच शीर्षकात उतरण आणि चढण म्हटलंय. मला एवढंच ठासून सांगायचंय की खडक सगळा प्रवास सारख्या अक्षरात लिहीत नाही. जिथे तो चिरडला गेला आणि पाणी शिरलं, तिथे जुनं पुसून नवं लिहिलं गेलं. जिथे ते झालं नाही, तिथे जुनं तसंच राहिलं, मग खोली आणि दाब तोच का असेना.

याचा सगळ्यात चांगला पुरावा पोलोकोंगका ला ग्रॅनाइट. पुगा नाइसचाच भाऊ, त्याच काळातला. पण त्याचे काही भाग फारसे चिरडलेच गेले नाहीत. मोठे फेल्डस्पार जागच्या जागी, ४८ कोटी वर्षांपूर्वी थंड झाला तेव्हाचा पोत अजून ओळखता येतो. शेजारच्या एक्लोजाइटबरोबर हाही खाली जाऊन आलेला आहे. कुणी फक्त हा ग्रॅनाइट पाहिला तर तो कधी कुठे गेला होता यावर विश्वास बसणार नाही.

लांबलं, पण विषयच तसा आहे. प्रश्न जरूर विचारा.


सह्यवेडा

वाचनखूण साठवली. ताई, आम्ही लेहहून चुमाथांग, माहे पूल, सुमडो करत कोरझोकला गेलो होतो. त्या वाटेवर हे दगड दिसले असणार, पण कळलं कुणाला! सूक्ष्मदर्शक नसलेल्या माणसाला यातलं काय दिसू शकतं? पुन्हा जायचा बेत आहे.


तामडा

सह्यवेडा, पुष्कळ दिसतं. सुमडोला रस्ता फुटतो तिथून कोरझोककडे न वळता पुग्याकडे वळा. गरम पाण्याचे झरे आणि बोरॅक्सचे पांढरे थर यांसाठी लोक तिथे थांबतातच. कडेच्या उतारावर फिकट नाइसमध्ये काळे ठिपके-पट्टे दिसले की जवळ जा. साधं दहापट भिंग पुरे.

तीन ठिकाणी नजर टाका. बुदीनच्या दोन टोकांना, जिथे तो तुटून दूर गेला, तिथल्या फटीत बऱ्याचदा पांढरी गारगोटी भरलेली असते. ती ताणाच्या दिशेने लांबलेली असते. मग नाइसचे पट्टे पाहा, ते बुदीनला वळसा घालून जातात. आणि शेवटी बुदीनच्या कडेकडून गाभ्याकडे नजर न्या: कडेला काळं हॉर्नब्लेंड, आत गेलं की हिरवट झाक आणि तामड्याचे लाल ठिपके. हा हातभर अंतरातला बदल पाहिला की माझा अर्धा लेख तुम्ही डोळ्यांनी वाचलात.

कोएसाइट मात्र भिंगाने दिसणार नाही. त्याला काप करून रामन वर्णपटात (लेझरचा प्रकाश टाकून खनिज ओळखण्याच्या पद्धतीत) पाहावं लागतं. कोएसाइटची ठळक रेषा ५२१ प्रति सेंटिमीटरच्या जवळ येते, गारगोटीची ४६४च्या, त्यामुळे गल्लत होत नाही.

एक विनंती. हा चांगथांग अभयारण्याचा भाग आहे आणि त्सो मोरीरी २००२ पासून रामसर यादीत आहे. त्या वेळी लागतील ते परवाने काढूनच जा, आणि हातोडी घरी ठेवा. निखळून पडलेले ताजे तुकडे पायाशी भरपूर असतात. पाहा आणि तिथेच ठेवा.


पातळकाप

ताई, मी एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. अभ्यासक्रमात खनिजवाढ आणि विरूपण (ताण-दाबाने खडकाचा आकार बदलणं) यांचा काळ लावायला शिकवतात: आधीचं, सोबतचं, नंतरचं. कागदावर सोपं वाटतं. प्रत्यक्ष कापात तामड्यातल्या कणांच्या ओळी वळलेल्या दिसल्या की लगेच 'सोबतचं' असं लिहून मोकळं व्हायचं का? आमच्याकडे यावर बरीच वादावादी झाली.


तामडा

पातळकाप, वादावादी झाली हे उत्तम. लगेच लिहून मोकळं होऊ नका.

तामडा वाढताना वाटेतली गारगोटी, इल्मेनाइट, ग्राफाइट यांचे बारीक कण गिळतो. त्या वेळी खडकात पत्रण असेल तर गिळलेले कण त्याच ओळींत राहतात. आता बाहेरच्या पत्रणाशी त्या ओळी जुळतात का ते पाहायचं. आतल्या ओळी सरळ आणि बाहेरच्यांशी कोन करून तुटलेल्या असतील तर तामडा आधीच्या पत्रणावर वाढला आणि नंतर बाहेरचं सगळं फिरलं. आतल्या ओळी थेट बाहेर निघून तशाच पुढे जात असतील तर तामडा विरूपण थांबल्यावर आला. आणि ओळी इंग्रजी 'एस'सारख्या वळलेल्या असतील तर बहुधा दोन्ही एकाच वेळी चालू होतं. ही चौकट हेंड्रिक झ्वार्ट यांनी १९६०च्या आसपास घालून दिली आणि अजून उपयोगी आहे.

पण वळण कशाने आलं? जुनं उत्तर असं की कातरणाऱ्या, म्हणजे थर एकमेकांवरून विरुद्ध दिशांना सरकणाऱ्या खडकात, दोन तळव्यांत लाडू वळावा तसा, तामडा स्वतःभोवती फिरला. १९८५ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या टिम बेल यांनी हे नाकारलं. त्यांच्या मते तामडा जवळजवळ फिरत नाही. त्याच्याभोवतीचं पत्रण एकामागून एक वेगवेगळ्या दिशांनी नव्याने बनतं आणि तामडा टप्प्याटप्प्याने ते गिळत जातो. पुढे बऱ्याच जणांनी फिरण्याच्या बाजूने पुरावे मांडले. माझं मत: ज्यात ओळी दोन-दोन वेढे घेतात असे गोलाकार तामडे फिरल्याशिवाय पटत नाहीत, पण थोड्याशा वळणावरून फिरण्याचा कोन मोजून त्यावरून कातर किती झाली याचा हिशोब मांडणं धाडसाचं आहे.

तुमच्यासाठी एक कामाची गोष्ट. एकाच कापावर भिस्त ठेवू नका. एकाच नमुन्याचे, ताणरेषेला समांतर आणि काटकोनात, असे निदान दोन काप करा. एकात 'नंतरचा' वाटणारा तामडा दुसऱ्यात वळलेला निघतो. आणि ओळी पाहताना त्याच कणावर मँगनीजचा नकाशा घ्या. ओळींचं वळण आणि रसायनातला बदल एकाच ठिकाणी येतात का? येत असतील तर विरूपणाचा टप्पा आणि दाब-तापमानाचा टप्पा तुम्हाला एकाच रेषेवर बांधता येतो. नुसत्या ओळींनी कोणता टप्पा आधीचा एवढंच कळतं, तो किती खोलीवर घडला ते नाही.


मेहकरकर

आमच्या लोणारच्या विवरातही प्रचंड दाब आला होताच ना? मग तिथेही कोएसाइट असायला हवा. बुलढाणा जिल्ह्याचा म्हणून विचारतोय, अभिमानाने.


तामडा

मेहकरकर, अभिमान रास्तच आहे, बेसाल्टमध्ये असं विवर जगात दुर्मीळ. लोणारला दाब कितीतरी जास्त, पण क्षणभराचा. त्या वेळात नवी खनिजं सावकाश वाढू शकत नाहीत, असलेली मोडतात. तिथल्या बेसाल्टमधल्या प्लेजिओक्लेजचा आकार तसाच राहून आतून तो काच झाला. त्याला मास्केलिनाइट म्हणतात आणि १९७३ मध्ये लोणारहून तो नोंदला गेला. शिवाय कोएसाइटला गारगोटी लागते, ती आपल्या बेसाल्टच्या मूळ खनिजांत जवळजवळ नसतेच. त्यामुळे तोच प्लेजिओक्लेज लोणारला धक्क्याने काच झाला आणि लडाखमध्ये लाखो वर्षांच्या दाबाने ऑम्फेसाइट नि तामडा झाला. दोन्हीची तुलना विद्यार्थ्यांना आवर्जून दाखवण्यासारखी आहे.


वजनकाटा

लेख फार आवडला. एक शंका पोखरतेय. एक्लोजाइट पाण्याच्या साडेतीन पट जड, भूकवचाखालचं प्रावरण ३.३ पट. मग हा जड दगड वर आलाच कसा? बुडायला हवा होता.


तामडा

एकटा असता तर बुडालाच असता. जगातला बहुतेक एक्लोजाइट तसाच खाली गेलेला आहे आणि परत आलेला नाही. इथे तो ग्रॅनाइटी नाइसमध्ये अडकलेला थोडासा हिस्सा आहे. नाइस त्या खोलीवर सगळा दाट झाला असं मानलं तरी ३.०, ३.१च्या पलीकडे जात नाही, प्रावरणापेक्षा हलकाच. पुढे ओढणारा महासागरी भूपट्ट सुटला की हलका नाइस वर उसळतो आणि जड बुदीन आपल्याबरोबर घेऊन येतो. त्सो मोरीरीच्या उत्तरेला झिलदातचा विभंग आणि त्यापलीकडे निदारचा महासागरी तळाचा खडक आहे. या नाइसचं वर येणं अशाच सीमांवरून घसरत झालं, आणि त्या कातरीच्या खुणा कडांजवळच्या खडकांत जास्त दाट मिळतात.


बर्गनकर

मी गेली काही वर्षं नॉर्वेत बर्गनला आहे, तेल-क्षेत्रात काम करतो, भूशास्त्र हे पहिलं प्रेम. ताईंचा शेवटून दुसरा परिच्छेद वाचून राहवलं नाही. इथून जवळ होल्सनोय बेट आहे. तुम्ही जे पोलोकोंगका ला ग्रॅनाइटबद्दल लिहिलंत ते तिथे एकाच कातळावर उघड्या डोळ्यांना दिसतं.

मूळ खडक फिकट, जांभळट झाक असलेला ग्रॅनुलाइट (भूकवचात खोलवर फार तापून झालेला खडक), सुमारे ९३ कोटी वर्षांपूर्वी तापून तयार झालेला. पूर्ण कोरडा. पुढे ४३ कोटी वर्षांच्या सुमाराला स्कँडिनेव्हियाच्या पर्वतनिर्मितीत तो खाली गेला. दाब आणि तापमान सगळ्याला सारखंच मिळालं, पण खडक बदलला तो फक्त भेगांच्या आणि कातरपट्ट्यांच्या कडेने! समुद्राने धुतलेल्या कातळावर गुडघे टेकून पाहा: ग्रॅनुलाइटचे जुने पट्टे सरळ चाललेले असतात, मध्येच बोटभर रुंदीची भेग येते, तिच्या दोन्ही बाजूंना गडद हिरवा एक्लोजाइट. जुने पट्टे त्या हिरव्यातूनही पलीकडे जाताना ओळखू येतात, म्हणजे तिथे फक्त पाणी आलं, खडक हलला नाही. जरा पुढे तीच भेग रुंद होऊन कातरपट्टा होते आणि तेच पट्टे वाकून त्यात ओढले जातात. आणखी पुढे गेलं की सगळाच एक्लोजाइट, त्यात ग्रॅनुलाइटचे गोलाकार तुकडे तरंगताहेत. हॉकोन ऑस्ट्रहाइम यांनी १९८७ मध्ये हे मांडलं आणि तेव्हापासून पाण्याशिवाय खडक किती हट्टी असतो हे सांगायला सगळे या बेटाचं उदाहरण देतात.

अजून एक. काही भेगांत काळी, काचेसारखी गोठलेली शीर सापडते. भूकंपात खडक इतक्या वेगाने घासला की वितळला, ती ही शीर. म्हणजे कोरडा खडक त्या खोलीवरही वाहिला नाही, तडकला. पाणी त्या तड्यांतून शिरलं, एक्लोजाइट झाला, एक्लोजाइट झाल्यावर खडक मऊ पडला आणि मग कातर सुरू झाली. आधी खनिजवाढ की आधी विरूपण, या प्रश्नाला इथे एका वाक्यात उत्तर देता येत नाही.


तामडा

बर्गनकर, अगदी मनापासून आभार. 'पट्टे हिरव्यातून पलीकडे जातात' ही खूण फार मोलाची आहे. पातळकाप, हे वाचलंत ना? पाण्याने झालेला बदल आणि चिरडण्याने झालेला बदल वेगळे करायचे असतील तर जुनी रेघ शोधायची आणि ती वाकली का ते पाहायचं.

लडाखमध्ये क्रम जवळजवळ उलटा दिसतो. तिथे बेसाल्ट खाली जाताना ओलाच होता, म्हणून तो सगळाच एक्लोजाइट झाला. पाण्याची वानवा पडली ती वर येताना. म्हणून बुदीनचे गाभे वाचले.


चिकित्सक

चर्चा छान चाललीय, पण दोन मुद्द्यांवर मला एवढी खात्री वाटत नाही. पहिला: दाब म्हणजे खोली हे समीकरण. खडक ताठ असेल आणि बाजूने रेटला जात असेल तर त्यातला दाब वरच्या वजनापेक्षा जास्त असू शकतो. मग '९० किलोमीटर' हा आकडा कशावर उभा आहे? दुसरा: वय. कुठे ५.५ कोटी, कुठे ५.३, कुठे ४.७ वाचलंय. एकाच खडकाची तीन वयं कशी?


बर्गनकर

पहिल्या मुद्द्यापुरतं सांगतो. होल्सनोयबाबत हा प्रश्न खरोखर उभा आहे, कारण तिथला ग्रॅनुलाइट कोरडा आणि ताठ. स्थानिक दाब वाढला असावा असं मानणारे संशोधक आहेत.


तामडा

चिकित्सक, दोन्ही प्रश्न नेमके आहेत.

पुगा नाइसमध्ये गारगोटी आणि अभ्रक भरपूर, आणि तापमान ६०० अंशांवर. असा खडक ताठ राहत नाही, वाहतो. जो वाहतो तो वजनापलीकडचा दाब फार धरून ठेवू शकत नाही. थोडा फरक पडेल, पण कोएसाइटच्या दाबातून एक गिगापास्कल वजा करून हा खडक साठ किलोमीटरवरच होता म्हणायला मी तयार नाही. शिवाय इथून पश्चिमेला, पाकिस्तानातल्या काघान खोऱ्यातही कोएसाइट २००१ मध्येच नोंदला गेला. त्याच पर्वताच्या दोन लांबच्या ठिकाणी योगायोगाने एकसारखा जादा दाब आला, हे मानणं जास्त अवघड आहे.

वयाबद्दल. २००० मध्ये फ्रान्समधल्या द सिगॉये आणि सहकाऱ्यांनी तामड्यासकट वेगवेगळी खनिजं घेऊन एक्लोजाइटसाठी ५.५ कोटी वर्षं काढली, पण अधिक-उणे ६० लाख. २००५ मध्ये मेरी लीच आणि सहकाऱ्यांनी नाइसमधल्या झिरकॉन या खनिजाच्या कणांवरून ५.३३ कोटी. २०१३ मध्ये डोनाल्डसन आणि सहकाऱ्यांनी एक्लोजाइटमधल्या झिरकॉनवरून ४.७ ते ४.३ कोटी. यात कुणी खोटं मोजलेलं नाही. झिरकॉनचं वय यंत्र सांगतं, पण तो झिरकॉन वाढला तेव्हा खडक कोणत्या खोलीवर होता हे यंत्र सांगत नाही. ते शेजाऱ्यांवरून ठरवावं लागतं.

कसं? तामडा वाढत असताना जड विरळ मृदा मूलद्रव्यं (धातूंच्या एका गटातली जड मूलद्रव्यं) स्वतःकडे ओढतो, म्हणून त्याच वेळी वाढणाऱ्या झिरकॉनला ती कमी मिळतात. प्लेजिओक्लेज असेल तर तो विरळ मृदा गटातलंच युरोपियम ओढतो. एक्लोजाइटमध्ये प्लेजिओक्लेज नसतोच, म्हणून तिथल्या झिरकॉनमध्ये युरोपियमची तूट दिसत नाही. या दोन खुणा ज्या झिरकॉनमध्ये आहेत त्यालाच खोलीवरचा म्हणायचं. शिवाय तो तामड्याच्या आत, ऑम्फेसाइटच्या सोबतीने अडकलेला मिळाला तर अधिक बळकट.

माझा कल २०१३च्या आकड्यांकडे आहे, कारण झिरकॉन खुद्द एक्लोजाइटमधले आहेत आणि काघानचं वयही ४.६ कोटीच्या आसपास येतं.


चिकित्सक

पण मग २००० च्याच कामात ४.७ कोटी हे वय अँफिबोलाइटच्या पायरीला दिलंय ना? म्हणजे तोवर खडक बराच वर आलेला. एकाच वेळी तो शंभर किलोमीटरवर आणि तीस किलोमीटरवर कसा असेल?


तामडा

बरोबर पकडलंत. दोन्ही आकडे खरे मानता येत नाहीत. ४.७ कोटीचा एक भाग अभ्रकात साठलेल्या आरगॉन वायूवरून वय काढण्यावर उभा आहे, आणि उच्च दाबाच्या फेंगाइटमध्ये (अभ्रकाची एक जात) बाहेरून आलेला जादा आरगॉन अडकून वय खऱ्यापेक्षा मोठं दिसण्याचा धोका नेहमीच असतो. आल्प्समध्ये याचा अनुभव आलेला आहे. दुसरीकडे, ५.३ कोटीवाले झिरकॉन नाइसचे आहेत, आणि नाइस उतरताना आणि चढताना दोन्ही वेळा नव्याने बनत राहिला, त्यामुळे त्यातला कोणता थर कोणत्या टप्प्याचा हे लावणं कठीण.

उलट बाजूही सांगते. ४.७ कोटी मान्य केलं तर त्यानंतरचं वर येणं फारच थोड्या काळात बसवावं लागतं. वेग वर्षाला काही सेंटिमीटर, म्हणजे खाली जाण्याच्या वेगाच्या जवळपास. एवढ्या वेगाने वर आला असेल तर तामड्याच्या कडेवर तापमान घटल्याची खूण अगदी अरुंद असायला हवी, कारण घटकांना सरकायला वेळच मिळाला नसणार.


पातळकाप

मग हे तपासता येईल ना? कडेपासून आत एकेक मायक्रॉनवर मोजमाप घेऊन त्या खुणेची रुंदी काढायची, आणि किती वेळात एवढं सरकेल त्याचा हिशोब मांडायचा. आमच्या विभागात इलेक्ट्रॉन प्रोब (खनिजाच्या बारीक ठिपक्याचं रसायन मोजणारं यंत्र) नाही, पण दुसऱ्या संस्थेत वेळ मागता येतो.


तामडा

येतं, आणि जरूर करा. फक्त तामडा निवडताना ज्याची कड हॉर्नब्लेंडला लागून नाही, ऑम्फेसाइटला लागून आहे असाच घ्या. हॉर्नब्लेंड लागलेल्या कडेवर तामडा थोडा खाल्ला गेलेला असतो, तिथली रुंदी फसवेल. आणि मोजणीची रेघ कणाच्या बरोबर मध्यातून जाते ना, हे मँगनीजचा नकाशा पाहून ठरवा. काप तिरका गेला असेल तर खूण आहे त्यापेक्षा रुंद दिसते. जुने काप कुठल्या संग्रहात मिळतील ते मी विचारते, व्यनि करा.